०.०२५ की ०.०५? पिंपल्स आणि सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड क्रीमची 'पॉवर' ठरवायची कशी?

इन्स्टाग्रामवर स्किनकेअरचं एखादं रील चुकून लाइक केलं, की पुढचे आठ दिवस फीडमध्ये एकच शब्द फिरत राहतो. रेटिनॉल. कुणी सांगतं ०.३ टक्क्यांपासून सुरुवात करा. कुणी थेट १ टक्क्याची बाटली कॅमेऱ्यासमोर धरतं. आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहून जातं, "हे सगळं सोडा, मेडिकलमधून ट्रेटिनॉइन ०.०५ आणा, स्वस्तात काम होतं."

आता साधं गणित बघितलं तर १ हा आकडा ०.०५ पेक्षा वीस पट मोठा आहे. म्हणजे १ टक्क्याचं सीरम जास्त स्ट्राँग आणि ०.०५ ची ट्यूब एकदम सौम्य, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं आहे. चेहरा लाल होऊन सालपटं निघायला लागल्यावर डॉक्टरकडे धावणाऱ्या अनेकांची गडबड इथंच झालेली असते. टक्केवारी वाचली, पण ती कशाची टक्केवारी आहे ते वाचलं नाही.

त्यामुळे 'किती टक्के घेऊ' याच्या आधी 'कुठलं घेऊ' हे बघावं लागतं.

एकाच घरातली भावंडं, पण ताकद वेगवेगळी

रेटिनॉइड हे काही एका क्रीमचं नाव नाही. व्हिटॅमिन ए आणि त्यापासून तयार झालेल्या सगळ्या रसायनांचं हे आडनाव आहे असं समजा. आडनाव एक, माणसं वेगळी.

यातलं त्वचेवर खरं काम करणारं रसायन म्हणजे रेटिनॉइक ॲसिड. त्याचंच औषधातलं नाव ट्रेटिनॉइन. त्वचेच्या पेशींमध्ये यासाठी खास रिसेप्टर असतात, म्हणजे कुलूपं म्हणा. ट्रेटिनॉइन ही त्या कुलपाची तयार किल्ली. लावली की लगेच कामाला लागते.

कॉस्मेटिक सीरममध्ये जे रेटिनॉल असतं ती तयार किल्ली नाही. त्वचा आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड करते, मग त्याचं रेटिनॉइक ॲसिड करते आणि मग पुढचं काम सुरू होतं. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं वाया जातं. रेटिनिल पामिटेट नावाचा प्रकार तर आणखी एक पायरी मागे असतो. 'रेटिनॉल युक्त' म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच स्वस्त क्रीमच्या मागच्या यादीत हेच नाव सापडतं. ते लावल्यानं नुकसान काही नाही, पण फार काही होईल अशी आशाही ठेवू नका.

म्हणून ताकदीची उतरंड साधारण अशी लागते: सगळ्यात खाली रेटिनिल पामिटेट, त्यावर रेटिनॉल, त्यावर रेटिनाल्डिहाइड, आणि वर ट्रेटिनॉइन. ट्रेटिनॉइन रेटिनॉलपेक्षा साधारण २० पट ताकदवान असतं असं ढोबळमानानं सांगितलं जातं. आता पुन्हा तो १ टक्का आणि ०.०५ टक्के शेजारी ठेवून बघा. गणित बरोबरीवर येतं. त्यात बाटलीतलं रेटिनॉल हवेनं आणि उजेडानं हळूहळू निकामी होत असतं, ते वेगळंच.

दोन प्रकार या रांगेत बसत नाहीत. ॲडापॅलीन आणि टॅझारोटीन. हे प्रयोगशाळेत बनवलेले रेटिनॉइड आहेत आणि ते त्या कुलपांपैकी काहींनाच नेमके लागतात. ॲडापॅलीन सौम्य म्हणून ओळखलं जातं, टॅझारोटीन चांगलंच जहाल. दोन्ही ०.१ टक्क्यांत मिळतात. आकडा सारखा, पण चेहऱ्यावरचा अनुभव अजिबात सारखा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रायफॅरोटीन तर ०.००५ टक्के एवढंच असतं आणि तेवढ्यात त्याचं काम होतं.

आणखी एक गंमत. काही सीरमवर '२ टक्के' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते २ टक्के बऱ्याचदा एका तयार मिश्रणाचे असतात आणि त्या मिश्रणात मूळ रेटिनॉइड जेमतेम दहावा हिस्सा असतो. म्हणजे हातात पडतं ०.२ टक्के. कंपनी खोटं बोलत नाही. फक्त मोठा आकडा पुढे करते.

पिंपल्सचं औषध सुरकुत्यांवर कसं पोहोचलं?

ही गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण स्ट्रेंथचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ मध्ये पिंपल्सवर ट्रेटिनॉइन वापरल्याचे निष्कर्ष मांडले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, त्याला मान्यता दिली. पुढं पिंपल्ससाठी हे क्रीम लावणाऱ्या मोठ्या वयाच्या पेशंटची त्वचा नितळ दिसायला लागली, बारीक रेषा कमी झाल्या. मग त्या दिशेनं अभ्यास सुरू झाले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ३० जणांवर १६ आठवडे केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत या ट्यूबसाठी झुंबड उडाली. सुरकुत्यांसाठी अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९९५ उजाडलं.

पहिली आवृत्ती पिंपल्ससाठी, तेलकट आणि तरुण त्वचेसाठी होती. दुसरी उन्हानं रापलेल्या, कोरड्या होत चाललेल्या त्वचेसाठी. औषध एकच, पण समोरची त्वचा वेगळी.

या कथेला एक काळी बाजूही आहे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले. त्यातले बहुतांश कैदी कृष्णवर्णीय होते. हे प्रयोग १९७४ मध्ये थांबले. विद्यापीठानं त्याबद्दल २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहरानं २०२२ मध्ये माफी मागितली. स्किनकेअरच्या रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा?

या सगळ्या लेखातला सगळ्यात कामाचा अभ्यास हा आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

१९९५ मध्ये मिशिगनच्याच संशोधकांनी ट्रेटिनॉइनच्या दोन स्ट्रेंथ समोरासमोर आणल्या. ०.१ टक्के आणि ०.०२५ टक्के. म्हणजे एक दुसऱ्याच्या चौपट. तिसऱ्या गटाला औषध नसलेलं साधं क्रीम दिलं. उन्हानं वयस्क झालेली त्वचा असलेल्या ९९ जणांनी हा ४८ आठवड्यांचा अभ्यास पूर्ण केला. कुणाला काय दिलंय हे ना त्यांना माहीत होतं, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना.

निकाल काय लागला? दोन्ही स्ट्रेंथनी साध्या क्रीमपेक्षा स्पष्ट फरक दाखवला. पण एकमेकांशी तुलना केली तर सुधारणेत लक्षात येण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो त्रासात. ०.१ टक्के लावणाऱ्यांना लालसरपणा, आग आणि सालपटं यांचा त्रास कितीतरी जास्त झाला.

चौपट औषध, फायदा तेवढाच, भोग जास्त.

याचा अर्थ असा नाही की वरच्या स्ट्रेंथना कामच नाही. हट्टी पिंपल्ससाठी, जाड तेलकट त्वचेसाठी डॉक्टर ०.०५ किंवा ०.१ पर्यंत जातात. पण 'माझ्या मैत्रिणीचं ०.०५ वर चालू आहे म्हणजे मी मागे पडले' या विचारात काही अर्थ नाही. शिवाय रोज रात्री लावता येणारं ०.०२५ हे चार दिवस लावून आठ दिवस बंद ठेवाव्या लागणाऱ्या ०.१ पेक्षा कधीही भारी. रेटिनॉइडचा फायदा सातत्यानं मिळतो. जळजळ झाली की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ट्यूब कपाटात टाकतो.

पिंपल्स असतील तर

पिंपल येतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड बंद झाल्यामुळे. मेलेल्या पेशी चिकटून बसतात, आत तेल साचतं, जंतूंना घर मिळतं. रेटिनॉइड त्या पेशींना चिकटू देत नाही. म्हणून ते आलेल्या पिंपलपेक्षा येणाऱ्या पिंपलवर जास्त काम करतं. त्यामुळेच एकेका पिंपलवर टिंब टिंब लावून उपयोग नसतो. ज्या भागात पिंपल्स येतात तो सगळा भाग पातळ थरानं झाकायचा असतो.

पहिल्यांदाच सुरू करत असाल तर ॲडापॅलीन ०.१ टक्के ही सगळ्यात समंजस सुरुवात. माझं मत नाही हे, आकडे आहेत. पाच चाचण्यांमधल्या ९०० पेशंटची माहिती एकत्र करून १९९८ मध्ये ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के जेल यांची तुलना झाली. पिंपल्स कमी करण्यात दोन्ही सारखेच निघाले, त्रास मात्र ॲडापॅलीनचा कमी होता. अमेरिकेत तर २०१६ पासून ॲडापॅलीन ०.१ टक्के १२ वर्षांवरच्या कुणालाही चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं.

ॲडापॅलीनचा दुसरा फायदा म्हणजे ते बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत टिकतं. पिंपल्सवरचं हे दुसरं नेहमीचं औषध. साधं ट्रेटिनॉइन त्याच्यासोबत एकाच वेळी लावलं तर निकामी होऊ शकतं. म्हणून डॉक्टर एक सकाळी, एक रात्री असं लिहून देतात. ॲडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्येही मिळतात.

मग ट्रेटिनॉइन कधी? ॲडापॅलीननं तीन महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही, किंवा पिंपल्ससोबत काळे डाग आणि खडबडीतपणाही आहे, तेव्हा डॉक्टर तिकडे वळतात. सुरुवात ०.०२५ पासून. जेल आणि क्रीम यातही फरक आहे. तेच ०.०२५ टक्के जेलमध्ये असेल तर बऱ्याच जणांना जास्त कोरडं पडतं, क्रीममध्ये थोडं निभावतं. तेलकट चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम, असा साधा हिशोब.

दोन प्रकारच्या पुळ्यांवर मात्र नुसतं रेटिनॉइड लावून बसू नका. पाळी अनियमित आहे आणि हनुवटी-जबड्याच्या कडेनं दुखऱ्या गाठी येतात, तर कारण हार्मोन्सचं असू शकतं. पीसीओएसमध्ये असं होतं. आणि कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, तर तो यीस्टचा संसर्ग असू शकतो. त्याचं औषधच वेगळं.

सुरकुत्यांसाठी असेल तर

इथं आधी अपेक्षा जमिनीवर आणू. रेटिनॉइडनं बारीक रेषा सौम्य होतात, रंग एकसारखा होतो, खरखरीतपणा कमी होतो. हसताना पडणाऱ्या खोल घड्या किंवा सैल पडलेली त्वचा यावर त्याची फारशी मात्रा चालत नाही. कारण त्याचं काम कोलॅजेनशी निगडित आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी कोलॅजेन तुटतं. ट्रेटिनॉइन ती तोडफोड कमी करतं आणि नवं कोलॅजेन तयार व्हायला मदत करतं. हे सगळं संथ गतीनं होतं. तीन ते सहा महिने धरून चाला.

पंचविशीत असाल आणि 'आतापासूनच अँटी एजिंग' म्हणून सुरू करायचं असेल, तर रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के भरपूर झालं. खरं सांगायचं तर या वयात सनस्क्रीनवर केलेला खर्च जास्त कामाला येतो. पस्तिशी-चाळिशीत बारीक रेषा आणि उन्हाचे डाग दिसायला लागले असतील, तर रेटिनॉल ०.३ ते ०.५, किंवा थेट डॉक्टरांच्या सल्ल्यानं ट्रेटिनॉइन ०.०२५. पन्नाशीनंतर त्वचा कोरडी आणि पातळ होते. तिथं घाईनं स्ट्रेंथ वाढवणं महागात पडतं. आईसाठी क्रीम मागवत असाल तर स्वतःचं १ टक्क्याचं सीरम तिच्या हातात देऊ नका.

युरोपियन युनियननं तर चेहऱ्याच्या कॉस्मेटिक क्रीममध्ये रेटिनॉलची कमाल मर्यादाच ०.३ टक्के ठरवली आहे. बॉडी लोशनसाठी ती ०.०५ टक्के आहे. नव्या उत्पादनांसाठी हा नियम नोव्हेंबर २०२५ पासून आहे, आधीपासून बाजारात असलेल्यांना मे २०२७ पर्यंत मुदत आहे. कारण चेहरा जळतो हे नाही. आहारातून, गोळ्यांतून आणि क्रीममधून मिळून शरीरात जाणारं एकूण व्हिटॅमिन ए वाढू नये म्हणून. परदेशातून येणाऱ्या भावाला १ टक्क्याची बाटली आणायला सांगितली असेल, तर ती तिथं मिळेनाशी का होतेय त्याचं कारण हे.

आणि ज्यांना रेटिनॉइड सोसतच नाही त्यांच्यासाठी बाकुचिओल. नाव जपानी वाटतं, पण ते आपल्या बावचीच्या बियांमधून येतं. ४४ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका छोट्या अभ्यासात ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा लावल्यावर ०.५ टक्के रेटिनॉलइतकाच फरक दिसला, आग कमी झाली. अभ्यास छोटा आहे, हे लक्षात ठेवा. आणि हे वाचून आयुर्वेदिक दुकानातलं बावचीचं तेल चेहऱ्याला चोपडू नका. त्यात सोरालेन असतं आणि ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते.

आपल्या रंगाच्या त्वचेचं वेगळं आहे

इंग्रजी व्हिडिओ बघून स्ट्रेंथ ठरवण्यात सगळ्यात मोठा धोका इथं आहे. गोऱ्या त्वचेवर रेटिनॉइडची जळजळ झाली तर ती लाल होते आणि काही दिवसांत ओसरते. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तीच जळजळ मागे काळे डाग ठेवून जाते. पिंपल गेल्यावर महिनोन् महिने राहणारा डाग असतो, तोच प्रकार. म्हणजे डाग घालवायला क्रीम आणलं आणि क्रीमनंच डाग दिले.

गंमत अशी, की नीट लावलेलं ट्रेटिनॉइन याच डागांवर चांगलं काम करतं. तारेवरची कसरत आहे. म्हणून भारतातले डॉक्टर कमी स्ट्रेंथ आणि हळू सुरुवात यावर एवढा भर देतात. थोडं सालपट निघणं, थोडं ओढल्यासारखं होणं चालतं. साधं मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुरायला लागलं, किंवा त्वचा लाल-तपकिरी आणि चकाकल्यासारखी दिसायला लागली, तर तो थांबायचा इशारा समजा.

मेडिकलमधली ती 'गोरं करणारी' ट्यूब

आता जरा गंभीर विषय. वांग आणि डागांसाठी मेडिकलमध्ये तीन औषधांचं एकत्र क्रीम मिळतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, बहुतेकदा मोमेटासोन. ही कल्पनाही क्लिगमन यांच्याच १९७५ च्या फॉर्म्युल्यावरून आलेली. वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे लावायचं हे औषध आहे.

पण आपल्याकडे ते गोरं व्हायचं क्रीम म्हणून चालतं. एकीनं लावलं, चेहरा उजळला, तिनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं जावेला. पहिले काही आठवडे खरंच फरक दिसतो आणि तोच सापळा आहे. स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, पिंपल्सचा पूर येतो. क्रीम बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. म्हणून माणूस पुन्हा तेच क्रीम लावतो. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे इतकं दिसायला लागलं, की त्यांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलं आणि त्यांच्या संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम उघडली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कागदावर.

म्हणून ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं कुठलंही नाव असेल, तर ती पिंपल्सची किंवा सुरकुत्यांची ट्यूब नाही. नुसतं ट्रेटिनॉइनसुद्धा कायद्यानं चिठ्ठीवरचंच औषध आहे. पाकिटावरची लाल रेघ शोभेसाठी नसते.

लावायचं कसं

रात्री. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून कोरडं करा, वीस-तीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त खोल जातं आणि जास्त आग होते. मग संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं क्रीम. एका गालाला नाही, संपूर्ण चेहऱ्याला. २० ग्रॅमची ट्यूब रोज वापरूनही दीड-दोन महिने जायला हवी. तीन आठवड्यांत संपत असेल तर स्ट्रेंथ कितीही कमी असो, तुम्ही जास्तच लावताय.

डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडून द्या. हवं तर तिथं आधी थोडं व्हॅसलीन लावा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. मग एक दिवसाआड. सोसतंय असं वाटलं तर रोज. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग क्रीम, वर पुन्हा मॉइश्चरायझर. किंवा क्रीम अर्धा तास ठेवून धुऊन टाकायचं, हाही मार्ग डॉक्टर सुचवतात.

पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत कोरडेपणा येतो, काहींचे पिंपल्स थोडे वाढल्यासारखे वाटतात. नेहमीच्या जागी आले तर धीर धरा. जिथं कधीच येत नव्हते तिथं आले, किंवा तीन महिने होत आले तरी थांबत नाहीत, तर धीर पुरे, डॉक्टरांना दाखवा. पिंपल्सचा निकाल ८ ते १२ आठवड्यांनी बघायचा. त्याआधी स्ट्रेंथ वाढवणं म्हणजे भात शिजायच्या आधीच गॅस मोठा करणं. करपतो.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. पावसाळ्यात पण. रात्री सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन लावायचं आणि दिवसा दुचाकीवर उघड्या तोंडानं फिरायचं, हे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असं होतं. सोबत स्क्रब, लिंबू, ॲसिडवाले पील हे सगळं सुरुवातीला बंद. व्हिटॅमिन सी लावत असाल तर ते सकाळी.

स्ट्रेंथ वाढवायची वेळ कधी येते? रोज रात्री लावूनही काहीच त्रास होत नाही, तीन महिने झालेत आणि फरक अपुरा आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच डॉक्टरांशी बोला. वाढवताना पुन्हा आठवड्यातून दोन-तीन रात्रींपासून सुरुवात.

कुणी अजिबात नको

गरोदर असाल, किंवा बाळाचा विचार सुरू असेल, तर कुठलंच रेटिनॉइड नको. या घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग होतात हे पक्कं माहीत आहे. त्यामुळे ती गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होऊ द्यायची नसते. क्रीममधून रक्तात जाणारं प्रमाण अगदी कमी असतं, तरी सौंदर्यासाठी ती जोखीम कुणी डॉक्टर घेत नाही. कळायच्या आधी काही दिवस क्रीम लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, क्रीम थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. एक्झिमा असेल किंवा ऊन लागून चेहरा भाजला असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा.

लग्न तोंडावर आलंय?

हा प्रश्न नोव्हेंबर आला की हमखास विचारला जातो. लग्नाला सहा महिने असतील तर आजच स्किनच्या डॉक्टरांची वेळ घ्या, भरपूर वेळ आहे. दीड महिना उरला असेल तर आता नवीन सुरू करू नका. नेमका सालपटं निघायचा काळ आणि मेंदी-हळद एकत्र येतील, आणि वर मेकअप बसणार नाही.

आधीपासून लावत असाल तर पार्लरवालीला ते आधीच सांगा. ट्रेटिनॉइन चालू असताना ओठांच्या वर वॅक्स केलं तर वॅक्ससोबत कातडीही निघू शकते. आठवडाभर आधी क्रीम बंद ठेवा, चेहऱ्याचं ब्लीच टाळा, आणि थ्रेडिंग केलं त्या रात्री तेवढ्या भागात क्रीम लावू नका. हळद उतरल्यावर चेहरा साध्या फेसवॉशनं धुवा. पिवळेपणा राहिला म्हणून घासत बसू नका, दोन दिवसांत तो आपोआप जातो.